कोन मोजला, पण मुलीला विचारायचं राहिलं : स्कोलिओसिस, व्यायाम आणि 'क्वालिटी ऑफ लाइफ'चा इतिहास



दोनेक वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर तपासणीला आली होती. तिच्या पाठीच्या कण्याला बाक होता, म्हणजे स्कोलिओसिस. आठ महिने नेमाने व्यायाम चालू होते. मी नवा एक्स-रे लावून कोन मोजला. आधी 22 अंश होता, आता 23. मोजतानाच पाच-एक अंश इकडेतिकडे होऊ शकतात, त्यामुळे बाक होता तिथेच थांबला होता. वाढीच्या वयात ही चांगली बातमी असते. "वा, छान! अजिबात वाढलेला नाही," मी म्हणालो. आईचा चेहरा खुलला, पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "छान काय त्यात?" एवढंच ती म्हणाली आणि खाली बघत बसली.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिन्यांत मी तिच्या कण्याबद्दल बरंच काही लिहून ठेवलं होतं, पण ती कशी आहे याची एकही नोंद माझ्या कागदावर नव्हती. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आम्ही डॉक्टर कण्याचा कोन इतक्या काटेकोरपणे मोजायला कधी शिकलो? आणि ज्याचा कणा आहे त्याला "तुझं कसं चाललंय?" हे पद्धतशीरपणे विचारायला इतकी वर्षं का लागली? आज तुम्हाला तीच गोष्ट सांगणार आहे.

बाक म्हणजे नेमकं काय?

आधी थोडक्यात आजाराबद्दल. पाठीमागून पाहिलं तर कणा सरळ दिसायला हवा. तो बाजूला वळला आणि एक्स-रेवर हा कोन 10 अंशांपेक्षा जास्त भरला, तर आपण त्याला स्कोलिओसिस म्हणतो. कणा नुसता बाजूला वळत नाही, तो स्वतःभोवती पिळवटतोही. म्हणूनच मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या उंच दिसतात. किशोरवयात, म्हणजे 10 ते 18 या वयात, शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये थोडाफार बाक सापडतो. बहुतेकांमध्ये त्याचं ठोस कारण सापडत नाही. दप्तराचं ओझं, चुकीचं बसणं, आईने लहानपणी कसं धरलं, यांपैकी कशामुळेही हा बाक येत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण आया उगाच स्वतःला दोष देत बसतात.

लहान बाकावर लक्ष ठेवतात आणि व्यायाम देतात. वाढ बाकी असताना बाक 25 अंशांच्या पुढे गेला तर ब्रेसचा विचार होतो, आणि 45-50 च्या पुढे गेला तर शस्त्रक्रियेचा. बघा, हे सगळे निर्णय अंशांवरच ठरतात.

ड्रेस्डेनची काथारिना

व्यायामांच्या इतिहासात एक नाव टाळताच येत नाही, काथारिना श्रॉथ. 1894 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात त्यांचा जन्म झाला. त्या डॉक्टर नव्हत्या. त्या होत्या एक शिक्षिका, आणि स्वतः स्कोलिओसिसच्या रुग्ण. सोळाव्या वर्षी त्यांना पोलादी पट्ट्यांचा ब्रेस घालावा लागला. आजचे ब्रेस प्लास्टिकचे आणि हलके असतात, तरी मुलं कुरकुरतात. तेव्हाच्या ब्रेसची कल्पना तुम्हीच करा.

त्यांना मार्ग सुचला तो एका चेंडूवरून, असं सांगतात. रबरी चेंडू एका बाजूने चेपला गेला तर आतल्या हवेच्या दाबाने तो पुन्हा फुगवता येतो. मग छातीची चेपलेली बाजू श्वासाने आतून का फुगवता येऊ नये? आरशासमोर उभं राहून, वाकलेल्या बाजूकडे मुद्दाम श्वास नेत, त्या शरीर सावरायचा सराव करू लागल्या. आरसा अशासाठी की आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दुरुस्त करता येत नाही. 1921 मध्ये त्यांनी माइसन गावात छोटंसं केंद्र सुरू केलं. तिथे रुग्ण राहायला येत आणि बागेत एकत्र व्यायाम करत. पुढे त्यांची मुलगी क्रिस्टा फिजिओथेरपिस्ट झाली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मायलेकींनी पश्चिम जर्मनीतल्या सोबर्नहाइम गावात काम नव्याने उभं केलं. आज आपल्याकडच्या फिजिओथेरपिस्टकडूनही तुम्ही 'श्रॉथ एक्सरसाइज' हे नाव ऐकता, ते या बाईंचं.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही पद्धत एका अशा व्यक्तीने काढली, जिने किशोरवयात हा आजार स्वतःच्या अंगावर झेलला होता. आपण आरशात कसे दिसतो, श्वास कसा लागतो, चारचौघांत कसं वाटतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिच्याकडे पुरावा म्हणून दाखवायला होते ते आधीचे आणि नंतरचे फोटो. मनात काय बदललं, हे कागदावर मांडायचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

1941 चा निकाल

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. 1941 मध्ये अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या एका समितीने 425 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या उपचारांनी शेवटी काय झालं, हे त्यात पाहिलं होतं. नुसते व्यायाम केलेल्यांपैकी साधारण 60 टक्के रुग्णांचा बाक वाढला होता, आणि उरलेल्यांचा होता तसाच राहिला होता.

या अहवालाने व्यायामांचं दार जवळजवळ बंद केलं. पुढची कित्येक दशकं अमेरिकेत आणि अमेरिकी पुस्तकं वाचून शिकणाऱ्या देशांत एकच वाक्य शिकवलं गेलं, की स्कोलिओसिसमध्ये व्यायामाचा उपयोग नाही. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांकडून तुम्ही हे ऐकलं असेल. मीही शिकताना ऐकलंय.

अहवाल खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्यातले व्यायाम सर्वसाधारण होते. पोश्चर सुधारा, पाठ ताठ ठेवा, अशा प्रकारचे. प्रत्येकाच्या बाकाप्रमाणे आखलेले नव्हते. शिवाय ज्या 40 टक्क्यांचा बाक वाढला नाही, त्यांना व्यायामाने काय वाटलं? ज्यांचा वाढला त्यांना काय वाटलं? असे प्रश्न विचारायची त्या काळी पद्धतच नव्हती. बाक वाढला की नाही, एवढंच बघायचं.

कॉब यांची रेघ

1948 मध्ये न्यूयॉर्कचे ऑर्थोपेडिक सर्जन जॉन कॉब यांनी बाक मोजायची पद्धत मांडली. आज जगभर तीच वापरतात. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका शोधायचा आणि त्याच्या वरच्या कडेने रेघ ओढायची. खालच्या टोकाच्या मणक्याच्या खालच्या कडेने दुसरी रेघ ओढायची. या दोन रेघांमधला कोन म्हणजे 'कॉब अँगल'. पेन्सिल, पट्टी आणि कोनमापक, बस्स. पद्धत सोपी आणि स्वस्त. मुंबईतला डॉक्टर आणि मिनेसोटातला डॉक्टर एकाच भाषेत बोलू लागले, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

पण एक्स-रे म्हणजे सावली. कण्याचा पीळ त्यात नीट येत नाही. 25 अंशांचा बाक असलेल्या दोन मुली उभ्या केल्या, तर एकीचा बाक कपड्यांतून कळणारही नाही आणि दुसरीचा खांदा चटकन डोळ्यांत भरेल. आणि ज्या मुलीचा बाक कळतच नाही, तीच कदाचित जास्त खचलेली असेल. कोन आणि मनःस्थिती यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच सैल असतो, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं.

गंमत म्हणजे त्याच 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ आजार नसणं नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य, असं तिच्यात लिहिलेलं आहे. कोनमापक लगेच कामाला लागलं. आरोग्याची व्याख्या मात्र स्कोलिओसिसच्या ओपीडीपर्यंत पोहोचायला पन्नास वर्षं लागली.

मुलांना विचारायला सुरुवात

मधल्या काळात शस्त्रक्रिया पुढे गेली. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी कण्याला धातूचा दांडा बसवायची पद्धत 1962 मध्ये प्रसिद्ध केली. मग 1966 मध्ये स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी स्थापन झाली. दांडा बसला, कोन कमी झाला, सर्जन खूश. पण काही रुग्ण खूश का नसतात, आणि कोन फारसा न सुधारलेले काही जण समाधानी कसे, असे प्रश्न पडू लागले.

1999 मध्ये डॉ. थॉमस हाहर आणि सहकाऱ्यांनी या सोसायटीच्या नावाने 24 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, एसआरएस-24. ती बनली शस्त्रक्रियेचा परिणाम तपासण्यासाठी. त्यातले काही प्रश्न तर शस्त्रक्रिया झालेल्यांनाच लागू होते. मग कॅन्सस राज्यातले डॉ. मार्क अॅशर यांनी तिच्यावर काम केलं आणि 2003 च्या सुमारास आजची एसआरएस-22 तयार झाली.

तिच्यात 22 प्रश्न आहेत. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि 5 म्हणजे उत्तम. प्रश्न पाच गटांत आहेत. वेदना, रोजची कामं, स्वतःच्या रूपाबद्दल काय वाटतं, मनःस्वास्थ्य, आणि उपचाराबद्दलचं समाधान. कपड्यांत आपण कसे दिसतो, पाठीमुळे मैत्रीत किंवा नात्यांत अडचण येते का, मन उदास असतं का, हेच उपचार पुन्हा घ्याल का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. वाचायला साधे वाटतात, पण तेरा वर्षांच्या मुलीला हे सगळं आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

तिकडे सोबर्नहाइममध्येही एक छोटी प्रश्नावली तयार झाली. हे व्यायामाचंच गाव. आठच प्रश्न, एकूण 24 गुण. आपल्या पाठीच्या दिसण्यामुळे मनावर किती ताण येतो, हे ती मोजते. तिचं दुसरं रूप ब्रेसमुळे येणारा ताण मोजतं. मला ही फार आवडते, कारण पाच मिनिटांत भरून होते. बावीस प्रश्नांना मुलं कंटाळतात, हे खरं आहे.

याच काळात, 2003 मध्ये, आयोवातल्या डॉ. स्टुअर्ट वाइनस्टाइन यांच्या गटाने एक मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार न घेतलेल्या 117 स्कोलिओसिस रुग्णांचा त्यांनी सुमारे पन्नास वर्षं मागोवा घेतला आणि 62 निरोगी व्यक्तींशी तुलना केली. आयुर्मान जवळपास सारखंच होतं. नैराश्य जास्त आढळलं नाही. जुनाट पाठदुखी मात्र 61 टक्क्यांना होती, तर निरोगी गटात 35 टक्क्यांना. आणि आपल्या शरीराच्या दिसण्याबद्दलची बोच या मंडळींना साठी ओलांडल्यावरही जास्त होती. "मोठी झाली की विसरेल" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगतो.

मग व्यायामाने फरक पडतो का?

आता हातात दोन मापं होती, कोन आणि प्रश्नावली. व्यायामांची फाइल पुन्हा उघडली गेली.

2014 मध्ये इटलीतल्या डॉ. मॉन्टिकोने यांच्या गटाने 25 अंशांपेक्षा कमी बाक असलेल्या 110 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना स्वतःचा कणा स्वतः सावरायला आणि तो सावरलेला ठेवून रोजची कामं करायला शिकवलं. उरलेल्यांना नेहमीचे सर्वसाधारण व्यायाम दिले. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत हे चाललं. पहिल्या गटाचा कोन सरासरी सुमारे 5 अंशांनी कमी झाला आणि एसआरएस-22 चे गुण प्रत्येक गटात ठळक वाढले. दुसऱ्या गटाचा कोन स्थिर राहिला, पण गुण जवळपास तेवढेच. माझ्या मते यातली खरी बातमी दुसऱ्या गटाची आहे. बाक वाढला नाही, तरी मुलांना बरं वाटलं असं झालं नाही.

कॅनडात सांजा श्रायबर आणि सहकाऱ्यांनी 50 मुलांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा महिने श्रॉथ व्यायाम देऊन पाहिले. ज्यांनी ते केले त्यांचा कोन इतरांपेक्षा थोडा बरा राहिला, स्वतःच्या रूपाबद्दलचे गुण सुधारले, वेदनाही कमी झाल्या. पण त्यांना एक अडचण दिसली. बऱ्याच मुलांचे गुण सुरुवातीलाच इतके चांगले होते की वाढायला जागाच नव्हती. ज्या मुलाला पहिल्या चाचणीतच शंभरपैकी 97 मिळाले, त्याची प्रगती तोच पेपर पुन्हा देऊन कशी दिसणार? प्रश्नावली मोठ्या बाकांसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी बनली होती. छोट्या बाकाच्या, व्यायाम करणाऱ्या मुलांचं बारीक दुखणं तिच्या जाळीतून निसटतं.

तुर्कस्तानातल्या 45 मुलांच्या अभ्यासात तर वेगळंच दिसलं. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचा कोन सुधारला, पण क्वालिटी ऑफ लाइफचे गुण कुठल्याच गटात फारसे हलले नाहीत. ब्रेसचं उलट. 2013 चा अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास ब्रेसचा फायदा इतका स्पष्ट दिसल्याने मुदतीआधीच थांबवला गेला. ब्रेसमुळे मुलांचं जगणं बिघडेल अशी सगळ्यांना भीती होती, पण दोन्ही गटांच्या गुणांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

आणि व्यायामाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी (माझ्यासकट) हेही ऐकावं. स्वीडनमध्ये 25 ते 40 अंश बाक असलेल्या 135 मुलांचा अभ्यास 2024 मध्ये आला. फक्त रात्री घालायच्या ब्रेसने बाक रोखण्यात फायदा दिसला. स्कोलिओसिसचे खास व्यायाम मात्र साध्या शारीरिक हालचालींपेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ब्रेस सांगितला असेल तर "आम्ही व्यायामावरच भागवतो" असं परस्पर ठरवू नका. प्रश्नावलीत गुण चांगले आले म्हणून एक्स-रे टाळू नका. वाढत्या वयात बाक गुपचूप वाढतो आणि तो वाढताना दुखेलच असं नाही.

आपल्या घरी हे प्रश्न विचारताना

ही प्रश्नावली अमेरिकेत जन्मली, हे विसरून चालत नाही. मित्रमैत्रिणींच्या तुलनेत तू बाहेर किती जातेस, अशा अर्थाचा प्रश्न तिच्यात आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी बाहेर जात नसेल, तर त्याचं कारण पाठ असेल किंवा आजोबा असतील. पाठीमुळे घरात पैशांची ओढाताण होते का, हाही एक प्रश्न. मुलाला खरं उत्तर बहुधा माहीत नसतं. किंवा फार नीट माहीत असतं, आणि ते आईसमोर लिहिणार नाही.

दुसरीकडे आपल्या घरांतला एक प्रश्न कुठल्याच प्रश्नावलीत नाही. "डॉक्टर, हिच्या लग्नाचं कसं होणार?" बाक 15 अंश असतो, मुलगी सातवीत असते आणि शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत असते. कृपा करून हे तिच्यासमोर विचारू नका. बाहेर पाठवून विचारा, मी उत्तर देईन.

व्यायामाचंही तसंच आहे. रोज अर्धा-पाऊण तास, वर्षानुवर्षं. त्यासाठी घरात रोज भांडण होत असेल, तर तो वेळही मुलाच्या जगण्यातूनच जातोय.

त्या मुलीकडे परत येतो. पुढच्या भेटीला मी क्रम बदलला. एक्स-रेच्या आधी तिला कागद दिला. आईला वेगळ्या खोलीत तोच कागद, "मुलीच्या वतीने भरा" असं सांगून. आईने रूपाबद्दलच्या प्रश्नांना कमी गुण दिले होते. मुलीने तिथे 4 दिले होते. तिचे सगळ्यात कमी गुण उपचाराच्या समाधानात होते.

"का गं?" मी विचारलं.

"व्यायाम साडेपाचला असतात. खो-खोची प्रॅक्टिसपण साडेपाचला."

आठ महिन्यांपूर्वी तिला संघातून बाहेर काढलं होतं. कुणी सांगितलं होतं खेळू नको म्हणून? कुणीच नाही. वेळ जमत नव्हती, एवढंच. आणि बाक वाढला नाही म्हणजे हे असंच चालू राहणार, हे तिला माझ्या "छान"मधून कळलं होतं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमशी बोलून व्यायाम सकाळी शाळेआधी घेतले. आई जरा नाराज झाली, कारण डबा करून सहाला उठवायचं कोणी? ते काम बाबांकडे गेलं. गेल्या भेटीत कोन 24 होता. व्यायाम चालू आहेत, पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी. तिचा गुडघा खरचटलेला होता आणि तो तिने मला दोनदा दाखवला.